‘चालू स्थितीत’ नसलेली बंदूक

ती घटना आजही आठवते, असं आम्ही निवृत्त लोक नेहमीच लिहितो. मला घटनेच्या आधी दोन शब्द आठवतात: ‘चालू स्थितीत’. ते माझ्या पंचनाम्यात होते, खाली सही माझी होती, आणि त्या दोन शब्दांपायी एक निरपराध बाई कोठडीत गेली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्यात संगणकाच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि शहराच्या कडेची प्रत्येक जमीन एकाएकी कोणाला ना कोणाला हवीशी झाली होती. खडकवासल्याच्या अलीकडचं एक गाव नुकतंच आमच्या ठाण्याच्या हद्दीत आलं होतं. मी तिथे फौजदार होतो. एका दुपारी ठाण्यात फोन आला. गावातल्या एका बाईने जमिनीच्या एजंटावर बार काढला, गाडीची काच फुटली, माणूस थोडक्यात वाचला, अशी ती खबर होती.

मी चार माणसं घेऊन गेलो. बाई साठीच्या पुढची, विधवा, गोठ्यात शेण काढत होती. आम्हाला बघून तिने पाटी खाली ठेवली नाही. घरात खुंटीला ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून पीक राखायला नवऱ्याला परवाना मिळाला होता, आणि तो गेल्यावर तिने कचेरीत खेटे घालून तो स्वतःच्या नावे करून घेतला होता. तिची जमीन एजंटाला हव्या असलेल्या पट्ट्याच्या मधोमध होती. बाकीच्यांनी विकली, हिने नाही.

रायटर हवालदाराने पंचनामा लिहिला: ‘एकनळी ठासणीची बंदूक, जुनी वापरती, चालू स्थितीत.’ हत्यार जप्त झालं की हे शब्द आमच्याकडे आपोआप कागदावर उतरत. घोडा ओढून कोणी बघत नसे. मीही बघितला नाही. बंदूक कापडात शिवली, लाखेचं सील लावलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं आणि कोर्टाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली.

चौकशीत बाईला खुर्ची दिली तर ती बसली नाही. तिचं एकच म्हणणं होतं. बंदूक बंद आहे, तिचं निपल नीट नाही, शनिवार पेठेतल्या बंदुकीच्या मिस्त्रीला विचारा. आरोपी असं काहीबाही सांगतातच, म्हणून मी ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी एजंट ठाण्यात आला. माणूस गोड बोलणारा. म्हाताऱ्या बाईला तुरुंगात धाडायची आपली मुळीच इच्छा नाही, असं तो म्हणाला. तिने जमिनीच्या कागदावर सही केली, तर बार हवेत काढला होता असं त्याला पुरवणी जबाबात आठवणार होतं. हा निरोप मी बाईपर्यंत पोचवला. याची लाज मला आजही वाटते, आणि ती लपवायचं कारण मला दिसत नाही.

ती म्हणाली, ‘त्येला सांगा, बार मी काडला असता तर तू हितवर चालत आला नसतास. आन सही मी जेलात बसूनबी करायची न्हाई.’

हे ऐकून मी जागा झालो. ज्याच्यावर खरोखर बार झाला आहे तो माणूस एवढ्या लवकर सौदा करत नाही. मी एजंटाच्या ड्रायव्हरला बोलावलं. फिर्यादीत लिहिलं होतं, लागोपाठ दोन बार. ड्रायव्हरनेही तेच सांगितलं. दोन्हींच्या मध्ये बाईने काय केलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, खटका ओढला. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू घालायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, मग ठिणगी पाडणारी टोपी बसवायची. सवयीच्या माणसालाही मिनिटभर लागतं. एजंट तेवढा वेळ उभा राहून वाट बघत होता का, असं मी विचारलं. गाडीत एकही छर्रा का सापडला नाही, हे विचारल्यावर ड्रायव्हरने मान खाली घातली आणि सांगून टाकलं. काच एजंटाने जॅकच्या दांड्याने फोडली होती.

एवढ्याने भागणार नव्हतं. ड्रायव्हर उद्या फिरला असता आणि माझा पंचनामा मात्र तसाच राहिला असता. बंदूक चालत नव्हती, हे बंदुकीनेच सांगायला हवं होतं. मी सील उघडायची परवानगी मागणारा अर्ज कोर्टाला दिला. वरिष्ठ निरीक्षकांना तो नंतर कळला. त्यांनी मला केबिनमध्ये उभं केलं.

‘स्वतःचाच पंचनामा खोटा ठरवणारा फौजदार मी अजून पाहिलेला नाही.’

‘आता पाहाल, सर,’ मी म्हणालो.

कोर्टाने परवानगी दिली. मिस्त्री आले. बारीक चणीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. दोन पंचांसमोर सील तोडलं. निपल म्हणजे नळीच्या बुडाशी आट्यांवर बसवलेला बोटाच्या पेराएवढा तुकडा. त्याच्यावर टोपी बसते, घोडा टोपीवर आपटतो आणि निपलच्या भोकातून ठिणगी आत दारूपर्यंत जाते. मिस्त्रींनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. दोन बोटांनी दोन वेढे फिरवले आणि निपल बाहेर काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. मूळ निपल घोड्याचे ठोके खाऊन झिजलं होतं, टोपी बसायची नाही. आटे जुन्या मापाचे, बाजारात मिळणारं निपल लागेना, म्हणून नवं कातून घ्यायचं ठरलं. तेवढ्यात निवडणूक आली, परवान्याच्या बंदुका जमा करायचा हुकूम निघाला. भोकात माती जाऊ नये म्हणून त्यांनी दुसऱ्याच बंदुकीचं निपल तात्पुरतं अडकवून दिलं. निवडणुकीनंतर बंदूक घरी आली, पण पेरणीच्या गडबडीत बाईंचं पेठेत येणं राहिलं.

‘या निपलवर बार काढला असता,’ मिस्त्री म्हणाले, ‘तर निपल उडून बाईंच्या डोळ्यात गेलं असतं. आपल्याकडे डोळा फुटल्याची तक्रार आहे का? नाही ना? मग पंचनामा कुणी बघून लिहिला, ते एकदा मला दाखवा.’

मी हात वर केला नाही, पण मान हलवली. तपासणी अहवाल यायचा तो आला, फिर्याद खोटी ठरली, बाई सुटली आणि एजंटावर गुन्हा दाखल झाला. पंधरा दिवसांत माझ्या बदलीचा हुकूम निघाला. नेमणूक नियंत्रण कक्षात, फोन उचलायच्या कामावर. उचलले. आजही कोणी विचारलं की तो अर्ज पुन्हा कराल का, तर मी म्हणतो, तोच अर्ज, त्याच शाईने. माणसं खोटं बोलतात हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. आपल्याच हातचा कागद खोटं बोलतो, हे मला त्या बाईने शिकवलं.

हुकूम खिशात असतानाच ती बंदूक परत न्यायला आली, बरोबर मिस्त्री. त्यांनी काड्यापेटीतून नवं निपल काढलं आणि ठाण्याच्या व्हरांड्यातच पान्याने घट्ट बसवलं. बाईने रिकाम्या बंदुकीची नळी जमिनीकडे धरली, नुसती टोपी बसवली आणि घोडा सोडला. फट्कन आवाज झाला. साहेब केबिनमधून बाहेर आले, काय चाललंय म्हणाले.

‘तुमच्या कागदातली चूक दुरुस्त करतीया,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘लिवा आता. चालू स्थितीत.’

रायटरने पावतीवर ‘नादुरुस्त’ लिहून ठेवलं होतं. मी बंदूक हातात घेतली, आधी घोडा ओढून बघितला, मग ‘नादुरुस्त’ खोडलं आणि ते दोन शब्द माझ्या अक्षरात लिहून खाली सही केली.