जबड्याखालचा ठिपका

माझी माय ठार बहिरी होती. म्हणून शाळेच्या संमेलनात माझ्या तोंडाला कोणता रंग लागतो, हा माझ्यासाठी जिवाभावाचा प्रश्न होता.

आदल्या वर्षीच्या नाटकात बाईंनी आम्हा सगळ्या पोरींची तोंडं सफेद्यानं पांढरीफेक केली होती. मायला माझा आवाज ऐकू येईना आणि तोंडावरून पोर ओळखू येईना. ती बिचारी शेवटपर्यंत भलत्याच पोरीकडे कौतुकानं पाहत बसली आणि घरी आल्यावर तू छान नाचलीस म्हणाली. मी नाचलेच नव्हते, मी झाड होते. मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. बहिऱ्या माणसाशी अबोला धरून काय होतं, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. बाभुळगावच्या आमच्या शाळेत वीज नव्हती, त्यामुळे संमेलन भर दुपारी मांडवात व्हायचं. त्या वर्षी पाठांतर चांगलं म्हणून मला राणी केलं. मी काळी. सावळी-बिवळी नाही, चांगली तव्यासारखी. बाईंनी यवतमाळहून दंडारीतली, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातली, सोंगं रंगवणारा एक म्हातारा बोलावला आणि त्याला बजावलं, राणी गोरी दिसली पाहिजे, नाहीतर दासीला राणी करू. दासी गोरी होती आणि तिला माझे संवादही पाठ होते.

म्हाताऱ्यानं माझ्या हातात आरसा दिला आणि मला वर्गाबाहेर उन्हात उभं केलं. पितळी ताटलीत त्यानं सफेदा, पिवळी माती, गेरू आणि काजळी खोबरेलात कालवली. बोटानं एक ठिपका माझ्या जबड्याखाली लावला, मान तिरपी करून पाहिला आणि पुसून टाकला. चिमूटभर गेरू वाढवला. पुन्हा ठिपका. असं पाच-सहा वेळा चाललं. मी श्वास रोखून उभी. माझ्या कातडीकडे इतकं मन लावून आजवर कुणी पाहिलं नव्हतं, पाहून नाक मुरडणारेच फार. शेवटचा ठिपका लागला आणि दिसेनासाच झाला. मी आरसा जवळ नेला, लांब नेला, तरी सापडेना. मी थक्क झाले.

"हा तुहा रंग," तो म्हणाला, आणि तोच त्यानं तोंडभर लावला.

आरशात मीच होते. सणाला घर सारवावं तशी, पण मीच.

बाई आल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, काळ्यावर पांढरं फासलं तं राख लावल्यावानी दिसते," म्हातारा शांतपणे म्हणाला. "हे पोरगी अशीच राणी दिसन."

बाई दासीला हाक मारणारच होत्या, पण तेवढ्यात घंटा झाली आणि त्यांचा नाइलाज झाला.

पडदा सरकला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. बायकांच्या घोळक्यातून माय उठून उभी राहिली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"पाहा वं, ते माही पोरगी."

सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. माझे डोळे भरून आले आणि पहिलंच वाक्य मी विसरले. दासीनं ते मागून हळूच सांगितलं.