गच्चीवरचं एकमत

हवेतला पारा मोजायला प्रदूषण मंडळाचे साहेब तोंडाला रुमाल बांधून सातपूरच्या आमच्या गच्चीवर येतात. मागच्या कारखान्याच्या धुरातून तो आमच्या घरात येतो का, एवढंच आम्हाला कळायला हवंय. दर वाक्याला ‘तसं बघितलं तर’ म्हणतात. बघत मात्र काहीच नाहीत.

परवा त्यांनी दोन यंत्रं शेजारीशेजारी मांडली. एकाने भरपूर पारा दाखवला, दुसऱ्याने जवळजवळ नाहीच.

“साहेब, खरं कुठलं?”

“तसं बघितलं तर, ह्या दुसऱ्याच्या नळीत धरलेला पारा दमट हवेत निसटतो.”

म्हणजे पहिलंच खरं, असं मी धरलं. त्यांनी नेमकं तेच बंद केलं.

“आता कसं, एकमत झालं! हवा स्वच्छ.”

“मग रुमाल सोडा की.”

त्यांनी गाठ आणखी आवळली.