न पुसलेलं कुंकू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. आत ठेवून ठेवून नासलंय, एवढं खरं.

मी बेळगावात रुग्णवाहिकेवर आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहायचं, हे माझं काम. मध्यंतरी आम्हाला एक यंत्र मिळालं. त्याची पट्टी कपाळावर चिकटवली की मेंदूला ऑक्सिजन किती पोहोचतोय ते आकड्यात दिसतं. शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती — कपाळ स्वच्छ पुसून घ्या, नाहीतर आकड्यावर विश्वास ठेवू नका.

कंग्राळीत एक बाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता कोसळली. आम्ही पोहोचलो तेव्हा नवरा पायाशी बसला होता, सासू उशाशी. बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. माझा सहकारी छाती दाबत होता, माझ्या हातात ओला कापूस होता — आणि हात पुढे जाईना. नवऱ्यादेखत बाईचं कुंकू पुसायचं? वडील गेले तेव्हा आईचं कपाळ पुसताना मी पाहिलंय... पण ती सबब झाली. खरं म्हणजे मी त्या घराला भ्यालो. कापूस खिशात कोंबला आणि पट्टी कुंकवावरच चिकटवली.

आकडा अगदी खाली. वर येईचना.

इथवरचं कदाचित कुणी माफही करील. पुढचं ऐका. फोनवर डॉक्टर होते. त्यांनी आकडा विचारला. मग विचारलं, "कपाळ नीट पुसलंय ना?"

"व्हय सर," मी म्हणालो.

बराच वेळ झाला होता, त्यात हा आकडा. ते म्हणाले, थांबवा. आम्ही थांबलो.

ती वाचली असती? कोण सांगणार! सांगितलं असतं तर त्या आकड्यानंच — आणि त्याचंच तोंड मी दाबलं. "थांबा सर, पुसतो" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? कापूस तर खिशातच होता.

पुढे तिचा नवरा भाजी मार्केटात दिसला. मी नजर चुकवून निघालो होतो, त्यानेच हाक मारली. माझे दोन्ही हात हातात घेतले.

"अण्णा, लई धडपडलासा तुम्ही. आणि तिचं कुंकू पुसलं न्हाई, ते मी बघितलंय. लई उपकार झाले."

मी नुसती मान डोलावली. ते उपकार मुकाट्यानं घेऊन घरी आलो.