साध्या पाण्याचा पिंजरा

माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही वाकडं आहे; कुणी वाचलंच तर माफ करावं. पण उंदीरवाल्या सरांबद्दल लिहायचं राहू नये.

सर माणसांशी शुद्ध मराठीत बोलत आणि उंदरांशी मालवणीत. मूळचे वैभववाडीकडचे. औषधांच्या कॉलेजात प्रयोगाच्या उंदरांची खोली होती, तिथले पिंजरे मी धुवायचे. पांढरा उंदीर मुठीत धरून सर म्हणत, "भिया नको रे. इल्लासा औषध तोंडात घालतंय, मगे सोडतंय." त्या उंदरांच्या अंगात कॅन्सरची गाठ सरांनीच वाढवलेली असे.

तीन वर्षं खपून सरांनी एक पिवळी पूड बनवली होती. एका पिंजऱ्यातल्या बारा उंदरांना ती पाण्यात कालवून द्यायची, दुसऱ्या बारांना नुसतं पाणी. "फरक दिसला तरच औषध खरं, मावशी."

मला ते पटेना. आमच्या गावच्या, आचऱ्याच्या देवळात मी गावजेवणाला वाढते. एकाच्या पानात खीर आणि शेजारच्याला पाणी, हा पंक्तिप्रपंच आमच्याकडे कुणी करत नाही. वाटीत उरलेलं औषध सर मला टाकायला देत. मी ते रोज गुपचूप दुसऱ्या पिंजऱ्याच्या बाटलीत ओतायचे.

महिन्याने सरांनी सगळे उंदीर मारून गाठी मोजल्या. दोन्हीकडच्या सारख्याच. सर स्टुलावर बसून राहिले. "पूड टाकून द्या, मावशी. काही उपयोगाची नाही."

पूड दोन दिवस माझ्या पिशवीत राहिली. सरांशी मान वर करून मी कधी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी दारातूनच सगळं सांगितलं.

सर रिकाम्या पिंजऱ्याकडे बघून म्हणाले, "आयकलात रे? मावशीन तुमका उपाशी ठेवूक नाय."

पुन्हा चोवीस उंदीर आणले. "नुसतं पाणी तुम्हीच भरायचं. जमेल?"

"जमेल."

पाण्याच्या पिंजऱ्यातले फुगत गेले, खायचे थांबले. मी बाटली धुऊन रोज पाणीच भरलं. औषधाच्या पिंजऱ्यात गाठी लहान झाल्या, पण चिरल्यावर काळीजं काळी पडलेली निघाली. सरांनी दोन्ही लिहिलं आणि फाईल बांधली. त्यांची नोकरीची मुदतही संपली.

निघताना म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून खरं कळलं."

मी नुसती मान हलवली. मी तेव्हा वाटी टाकून दिली असती, तर ते दुसरे चोवीस आणावेच लागले नसते.