पाण्याच्या वेळेपर्यंतची गोष्ट

मी गावातून निघाले तेव्हा आई एसटीच्या दारापाशी उभी राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "लोकांच्या घरात जातंस. तोंड बंद ठेय, कान उघडे ठेय." आठवीतून शाळा सुटलेल्या मुलीला मुंबईत काम मिळालं यातच बाबांना बरं वाटलं असावं. मलाही बरंच वाटलं होतं, आणि भीतीही.

काम गिरगावातल्या एका चाळीत, वयस्कर बाईंना सांभाळायचं. बाई लेखिका आहेत हे तिथे गेल्यावर कळलं. त्यांना आता दिसत नाही. आठवडाभरातच म्हणाल्या, "शेवंते, मी सांगते, तू लिही." माझं अक्षर कसं आहे ते मी सांगितलं. "मला कुठे दिसतंय?" म्हणाल्या. मी वही घेऊन बसले.

गावातल्या तुम्हाला आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्या बायांना हे सांगावंसं वाटतं, की पुस्तकं लिहिणाऱ्या बायका काही वेगळ्या जातीच्या नसतात. बाईंच्या चार-पाच मैत्रिणी लिहायच्या. एक वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर लिहायची. एक शाळेत शिकवायची आणि मुलांचे पेपर तपासतेय असं दाखवून लिहायची. बायकांनी उगाच एकत्र जमायचं म्हटलं की घरात प्रश्न. म्हणून संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत या एकमेकींकडे हळदीकुंकवाला जात आणि तिथे गोष्टी वाचत. त्यांच्यात परळच्या एक बौद्ध बाई होत्या. त्या कुंकू लावून घेत नसत, तिळगूळ तेवढा घेत. त्यांना गिरणीच्या पाळीला पोचायचं असे, म्हणून त्यांची गोष्ट आधी.

आता त्यांच्यातल्या एकट्या आमच्या बाईच उरल्यात. परळच्या त्या मैत्रिणीवर एक गोष्ट त्यांना पुरी करायची होती, दिवाळी अंकासाठी. बाईंच्या सगळ्या गोष्टी अर्ध्यावर सुटतात. लोकांनी त्याला शैली म्हटलं, भाषणं केली. बाई हसतात. "अगं कसली शैली? चारला पाणी यायचं."

घरातली माणसं कामावर गेली की त्या लिहायला बसत आणि नळ वाजला की उठत. हंडे, पिंप, बादल्या. परत येईपर्यंत वाक्य गेलेलं असे.

आता चाळीला टाकी आहे, नळाला दिवसभर पाणी असतं. तरी चार वाजले की बाई गप्प होतात. "पाणी आलं का गं?" म्हणून विचारतात आणि त्या दिवसापुरती गोष्ट संपते. मी म्हणे, "बाई, आता टाकी आहे." "हो का," म्हणत, पण पुढचं वाक्य काही येत नसे. संपादकांचे फोन येत होते. बाईंचा खोकला वाढला होता. मला रात्री झोप लागेना. ही गोष्ट तरी अर्धी राहू नये, असं सारखं वाटे. मैत्रिणीची गोष्ट शेवटापर्यंत न्यायची म्हणून बाई इतकी वर्षं थांबल्या होत्या.

एक दिवस चारला त्या थांबल्या. मी टाकीचं नाव काढलं नाही. म्हटलं, "बाई, पाणी मी भरते. तुम्ही सांगा." मोरीत बादली लावली, नळ सोडला आणि येऊन बसले. बादलीत पाणी पडत होतं. बाईंनी ते थोडा वेळ ऐकलं.

"असा नळ सोडून बसलीस, माझ्या सासूबाईंनी तुला दारात उभं केलं नसतं," म्हणाल्या. आणि पुढचं वाक्य सांगितलं. मग त्याच्या पुढचं.

बादली भरली, वाहिली. मोरी तुंबलेली होती. खालून शेजारी ओरडले, "वरती कोण आहे रे? आमच्या गॅलरीत धबधबा झालाय!"

मी उठणार तेवढ्यात बाईंनी माझा हात धरला. "लिही. ओरडू दे."

गोष्ट संपली. मग मी नळ बंद केला आणि खाली जाऊन शिव्या खाल्ल्या. अंक आला तेव्हा बाई नुसत्या त्याच्यावरून हात फिरवत बसल्या.

कोणी विचारलं तर घर म्हणून मी अजून गावाचंच नाव सांगते. गिरगावात मी राहते, आणि इथे मला कोणी कमी लेखलं नाही, हे उपकार मोठे. पण रविवारी ती गोष्ट आईला फोनवर वाचून दाखवायला घेतली. तिला आवडत होती, "मगे?" "मगे?" करत होती. मध्येच म्हणाली, "थांब गो बाय, चुलीर भात आसा."

फोन तसाच चालू. भांड्यांचा आवाज येतो, ती कोंबड्यांना हाकलते. इथून तिचा भात मी बघू शकत नाही. मी ओळीवर बोट ठेवून बसले, ती परत येईपर्यंत.