जुन्या पाकिटावरचा मध

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या बचत गटाची वेबसाइट नवी करायला घेतली, आणि किस्से असे साचत गेले की कोणता आधी सांगू कळत नाही!

आम्ही दारव्ह्याजवळच्या बाया लहान लेकरांसाठी ज्वारी-मुगाचं सत्त्व करतो. पाकिटावरचा चौकोनी कोड मोबाइलनं स्कॅन केला की ते कसं भरवायचं, ते पान उघडतं. जुनी पानं वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी सातवी पास, म्हणजे गटातली पंडितच!

*

एका पानावर लिहिलेलं, ‘आवळा कँडी लवकरच येत आहे.’

अध्यक्ष शांताकाकू म्हणाल्या, “कँडी करणारी पोरगी लग्न होऊन उमरखेडले गेली, दोन लेकरं झाली. कँडी अजून येऊनच राह्यली!”

*

काकूंचा हुकूम निघाला, “माह्ये डोळे मिटलेले फोटो काढा.”

काढले. एकच उरला. त्यात काकू पाठमोऱ्या!

*

मग सत्त्वाचं पान आलं. ‘चमचाभर मध घाला.’ माझी पोरगी आठ महिन्यांची. नर्सताईंनी बजावलेलं, वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

“आमी सारे मध चाटूनच वाढलो,” काकू म्हणाल्या.

“जे नाही वाढले, ते सांगाले आले का काकू?” मी विचारलं.



*

वेबसाइट करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “नव्या पानात मध नाही. जुनं डिलीट करते.”

“मंग जुन्या पाकिटाचा कोड लावला तर काय दिसन?” मी विचारलं.

“पान सापडलं नाही, असं.”

“मंग बाई सासूले विचारन. सासू काय म्हणन?”

काकू हळूच म्हणाल्या, “मध.”

मॅडमनी सांगितलं, जुन्या पत्त्यावर आलेल्याला सरळ नव्या पानावर नेता येतं. पण पुढच्या आठवड्यात!

“आजच करा. अन् वर्षाच्या आत मध घालू नका, हे लाल अक्षरात लिहा. मी इथंच बसते.” आणि पोरीला मांडीवर घेऊन बसले. पोरीनं मॅडमच्या माउसची वायर तोंडात घातली. काम अर्ध्या तासात झालं!

*

चार दिवसांनी बोरी अरब गावाहून एका बाईचा फोन आला.

“ताई, पाकीट जुनंच हाय तुमचं. कोड लावला तं लाल अक्षरात आलं, मध घालू नका. हे काय नवीनच?”

“हो बाई. लेकरू केवढं हाय?”

“सात महिन्याचं.”

मग पलीकडे बाटलीचं झाकण घट्ट फिरवल्याचा आवाज आला.

*

आमचं जुनं पाकीट कोणाच्याही घरात दिसलं तर सांगा, वर्षाच्या आतल्या लेकराला मध नाही. आणि जिच्याकडे मोबाइल नाही, तिला आधी सांगा.