काकांच्या जोत्यावरचं यंत्र

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. खाणीत सुरुंग उडतात तेव्हा आजूबाजूची जमीन किती हादरते, हवेचा दणका किती बसतो, ते मी मोजते. एक पेटी, एक सेन्सर, एक माईक आणि लॅपटॉप. सगळं स्कूटरवर मावतं. बाईमाणूस आणि सुरुंग? हो, बाईमाणूस आणि सुरुंग. पुढे बोला.

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात काका एकटेच राहतात. डोंगरात काळ्या दगडाची खाण सुरू झाली आणि त्यांच्या माजघराच्या भिंतीला चीर गेली. मुंबईतल्या त्यांच्या मुलाने धोशा लावला, घराला कुलूप घाला नि इकडे या. काकांच्या अगदी जिवावर आलं होतं, पण पडक्या भिंतीखाली राहणार तरी कसे? तक्रार गेली आणि मोजणी नेमकी माझ्याकडे आली. नातं मी आधीच सांगून टाकलं. खाणमालक म्हणाला, "चालेल. यंत्राला कुठे काका असतो?"

सेन्सर मी घराच्या जोत्यावर पक्का बसवला. आता नवी वस्तू दारात आली आणि देवाला गाऱ्हाणं घातलं नाही, असं आमच्याकडे होतच नाही. काका हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, खरा काय ता दाखवची ह्या यंत्राक बुद्धी दी." शेजारी म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी थांबा म्हणेपर्यंत काकांनी नारळ फोडला, तोही सेन्सरला खेटूनच, जोत्याच्या चिऱ्यावर. यंत्राने इमानदारीत नोंद घेतली.

"काकानू, नारळ मोजलात तुमी," मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला आणि सुरुंग उडाले.

आकडा मर्यादेबाहेर होता. मोजणी बघायला आलेला मालक स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हा नारळाचाच धक्का."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही नोंदी त्याच्यापुढे धरल्या. वेळा वेगळ्या. नारळाची एक बारीक टोचणी, की संपलं. सुरुंगाची लाट मात्र लांबलचक, थरथरत गेलेली. "साहेब, नारळ एवढा वेळ हादरवत नाही. दारू हादरवते."

माणूस वाईट नव्हता. पुढच्या वेळी त्याने दारू कमी भरली, सुरुंगही थोड्या थोड्या अंतराने उडवले. मी पुन्हा जोत्यापाशी बसले होते. आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली आला. तो मी मोठ्याने वाचला, आणि खोटं कशाला बोलू, मला माझाच फार अभिमान वाटला.

भिंत लिंपायला गवंडी सांगून काकांनी मुलाला फोन लावला. "माका थंय येवचा नाय. घराक आता भय नाय. कोणी सांगल्यान म्हणजे? आमच्या चेडवान मोजल्यान." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

मग ते आत गेले. मुंबईला न्यायचे म्हणून देव पंच्यात गुंडाळून ठेवले होते, ते सोडून एकेक पुन्हा देव्हाऱ्यात मांडायला बसले.